बेचाळीस अंडी आणि एकशे वीस बॅटऱ्या

आमच्या भागात रोज दुपारी दोन ते चार वीज जाते. वीज खातं याला भारनियमन म्हणतं. आम्ही याला 'दोन वाजले' असं म्हणतो. गच्चीवर सौर ऊर्जेची चार पॅनेलं आहेत, पण बाहेरची वीज गेली की सुरक्षेच्या कारणास्तव तीही बंद पडावीत अशी त्यांची रचना आहे. म्हणजे वर भर दुपारचं ऊन तापत असतं आणि खाली आम्ही स्वयंपूर्ण लोक पुठ्ठ्याने वारा घेत बसलेलो असतो. जोडीला बॅटरी असेल तर पॅनेलं चालू राहतात. ती आम्ही घेतली नव्हती, कारण त्या दोन तासांत आमच्यापैकी कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते आत्याच्या अंड्यांचं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पस्तीस वर्षं इस्पितळाच्या औषधालयात थेंब आणि ग्रॅम मोजण्यात गेली, आता परसात कोंबड्या पाळते. करड्या ठिपक्यांच्या जुन्या जातीच्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा तिच्याकडे होता. ही जात आता कुठे मिळत नाही, असं ती म्हणायची, आणि मोजून बोलणारी बाई असल्यामुळे ते खरं असणार. एका पहाटे खुराड्याची कडी निघाली, भटकी कुत्री आत शिरली आणि आठही गेली. मागे टोपलीत आदल्या सहा दिवसांची बेचाळीस अंडी राहिली. आत्या दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक लाकडी खोकं घेतलं, त्यात चाळीस वॅटचा दिवा आणि तापमापक बसवला, अंडी मांडली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केला. दोन वाजले. वीज गेली. अर्ध्या तासात तापमापक उतरायला लागला.

वायरमनला बोलावलं. त्याने खोकं पाहिलं, दिवा पाहिला, मान खाजवली.

"आत्या, दोन तास चाळीस वॅट ना? याला एक बॅटरी पुरे. स्कूटरला असते तेवढी. माझ्या डिकीत पडलीय एक, आत्ता जोडतो."

"जोड," आत्या म्हणाली.

"थांब," बाबा म्हणाले.

बाबा नियोजन खात्यातून उपसंचालक म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांनी इतकं नियोजन केलं, की त्यातलं काही बांधायला खात्याला सवडच झाली नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या काळात घरात नियोजन करण्याजोगं काही घडलं नव्हतं. ते बैठकीच्या खोलीच्या दारात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेली टवटवी होती.

"आज एक बॅटरी आणाल," ते म्हणाले, "उद्या दुसरी लागेल, परवा तिसरी. ठिगळं लावून घर चालत नाही. आपण संपूर्ण घराची बॅटरी बँक करू. एकदाच आणि शास्त्रशुद्ध. तीन दिवसांत नियोजन उरकतो, ताई."

"बाळ्या, अंडी थांबत नाहीत रे."

"म्हणून तर तीन दिवस म्हटलं. एरवी मी तीन वर्षं मागितली असती."

वायरमनने विचारलं, "मग तोवर ही छोटी लावून ठेवू का?"

बाबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "छोटी लावली की अडचण संपली. अडचण संपली की प्रकल्पाला समर्थन काय उरलं?" वायरमनने डिकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला एक प्रपत्र मिळालं. उपकरणाचं नाव, वॅट, तास, आणि समर्थन असे चार रकाने होते. मी सदस्य-सचिव झालो, कारण माझं अक्षर वाचता येतं. इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. बाबांच्या खात्यात जे मागाल त्याच्या निम्मं मंजूर होत असे. म्हणून प्रत्येक जण लागेल त्याच्या दुप्पट मागत असे, आणि प्रत्येक जण दुप्पट मागतो हे ठाऊक असल्यामुळे वरचं टेबल निम्मं कापत असे. असं सगळ्यांना हवं तेवढं बरोबर मिळे आणि कोणी खोटं बोललं असंही होत नसे. ही शिस्त बाबांनी घरी आणली. लहानपणी मला सायकल हवी होती तेव्हा मी दोन सायकली मागितल्या होत्या. माझी बायको हुशार, तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात उमगलं. तिने दोन कपाटं मागितली आणि एक मिळवलं.

तेव्हा प्रपत्रं रीतसर भरली गेली. आईने तिच्या खोलीत दोन पंखे लिहिले. खोलीत पंखा एकच आहे आणि दुसरा लावायचा तर पहिल्याच्या पात्यांना लागेल. बायकोने मिक्सर दिवसाला एक तास लिहिला, एवढ्या वेळात आमच्याकडचं फर्निचरसुद्धा वाटून होईल. मी संगणकाचे वॅट दुप्पट केले, तासही दुप्पट केले, म्हणजे खरं तर चौपट झालं, आणि वर 'संकीर्ण' म्हणून शंभर वॅट टाकले. समर्थनाच्या रकान्यात मी 'अपरिहार्य' लिहिलं. बाबांनी स्वतःसाठी टेबललॅम्प दोन, आणि दुसऱ्या लॅम्पखाली वाचायला म्हणून आणखी एक, असे तीन मागितले.

आत्याने लिहिलं: दिवा एक. चाळीस वॅट. दोन तास. समर्थन: अंडी.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आत्या, ऐंशी लिही. तुला रीत माहीत आहे."

"औषधालयात दुप्पट लिहिलं असतं तर माणसं मेली असती," ती म्हणाली. "मला लागतात चाळीस. मी चाळीसच लिहिणार."

छाननी दुपारी दोन ते चार ठेवली, कारण वीज नसताना दुसरं काही करता येत नाही. त्याच वेळात अंड्यांना ऊब हवी होती. बॅटरी येईपर्यंतची अंतरिम व्यवस्था म्हणून आत्याने अंडी सदस्यांमध्ये वाटली. बारा स्वतःकडे, दहा आईच्या शालीत, आठ बायकोच्या पदराखाली, सहा माझ्या बनियनच्या आत आणि सहा बाबांच्या विणलेल्या स्वेटरच्या खिशांत. भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून, गरम कपडे घालून, आम्ही पाच जणं ताठ बसलो. हसायचं नाही, वाकायचं नाही, मुद्दा पटवून देताना टेबलावर हात आपटायचा नाही, असे नियम आत्याने घातले. दर अर्ध्या तासाने ती टाळी वाजवी आणि आम्ही आपापली अंडी हलक्या हाताने फिरवत असू. मी अनेक बैठकांना बसलो आहे, पण इतकी जबाबदार बैठक दुसरी पाहिली नाही.

बाबांनी लाल पेन काढलं आणि एकेक मागणी निम्मी केली. आईला एक पंखा मिळाला. बायकोला अर्धा तास मिक्सर मिळाला. बाबांना स्वतःचे दीड लॅम्प मिळाले आणि ते त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले. मग आत्याचं प्रपत्र आलं. लाल पेन थांबलं नाही. वीस वॅट.

"बाळ्या, वीस वॅटमध्ये खोकं तापत नाही."

"ताई, नियम सगळ्यांना सारखा. बहिणीला सूट दिली तर हे लोक काय म्हणतील?"

हे लोक म्हणजे आम्ही. आम्ही काही म्हणालो नाही, कारण आम्हाला हवं ते मिळालं होतं.

"अरे, निम्म्या उबेत निम्मी पिल्लं निघतात का?"

"तो तांत्रिक प्रश्न आहे. त्याची नोंद घेऊ." मी नोंद घेतली. डाव्या हाताने घेतली, उजव्या बाजूला तीन अंडी होती.

मंजूर मागण्यांची बेरीज दिवसाला तीन युनिट झाली. बाबांनी ती पाहिली, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने पुढच्या रकान्यात सहा लिहिलं.

"सहा कसे?" बायकोने विचारलं.

"वर गेल्यावर निम्मे होतील."

"बाबा, वर कोण आहे?"

सगळ्यांनी एकदा वर पाहिलं. वर पंखा होता, तो बंद होता. त्याच्यावर गच्ची होती. खात्यात बाबांच्या आकड्यावर कायम कोणीतरी होतं, आणि त्या कोणाच्या तरी भरवशावर ते निर्धास्त दुप्पट लिहीत आले होते. मला त्यांची खरंच दया आली. "प्रक्रियेत बदल करता येणार नाही," ते शेवटी म्हणाले आणि सहा कायम झाले.

तीन दिवस उलटून गेले. पुढच्या बैठकीला वायरमनला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. तो आत आला तसं आत्याने पाण्याच्या आधी त्याच्या हातात माझ्या वाटणीची दोन अंडी दिली आणि काखेत धरायला सांगितलं. त्यामुळे तो शेवटपर्यंत हात न हलवता बोलला.

"साहेब, ढग आले तर किती दिवस काढायचेत, ते आधी ठरवा," तो म्हणाला. "लोक एक-दोन दिवस धरतात."

"लोक धरतात," बाबा म्हणाले. "आपल्याकडे सलग किती दिवस ऊन नव्हतं, याची आकडेवारी हवी." आकडेवारी नव्हती, म्हणून आईची साक्ष झाली.

"थोरल्याच्या वेळी बाळंतीण होते तेव्हा," आई म्हणाली, "सात दिवस सूर्य दिसला नव्हता, अहो. दुपटी वाळेनात."

थोरला मी. सात दिवस नोंदले गेले. सुरक्षिततेसाठी दुप्पट, चौदा. सहा गुणिले चौदा, चौऱ्याऐंशी युनिट झाले. वायरमन घुटमळत म्हणाला, की बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तिचं आयुष्य घटतं. हे बिचाऱ्याने खरं सांगितलं. बाबांचे डोळे चमकले. एकशे अडुसष्ट.

"म्हणजे मोठ्या बॅटऱ्या चौऱ्याण्णव होतात," वायरमन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "साहेब, ती डिकीतली..."

"ती कागदावर आणू नकोस," बाबा म्हणाले.

चौऱ्याण्णव बॅटऱ्या ठेवायला बैठकीची खोली लागणार होती. त्या तापतात, म्हणून खोली थंड ठेवायला यंत्र लागणार होतं. यंत्राला वीज लागते, म्हणून आणखी बॅटऱ्या आल्या. त्या बैठकीच्या खोलीत मावेनात, म्हणून आमची झोपायची खोली गेली. तिथेही थंडावा हवा, म्हणून दुसरं यंत्र आलं आणि स्वयंपाकघराची अर्धी भिंत गेली. एकशे विसाव्या बॅटरीला हिशोब थांबला. गणित सुटलं म्हणून नाही, घर संपलं म्हणून. कुटुंबाने गच्चीवर पॅनेलांच्या सावलीत राहावं असं ठरलं. तिथे पंखे नाहीत, दिवे नाहीत, मिक्सरही नाही, हे बायकोने लक्षात आणून दिलं.

"मग आपली गरजच उरली नाही की," ती म्हणाली. "खाली वापरणार कोण?"

"न वापरलेली मागणी पुढच्या वर्षी कापली जाते," बाबा म्हणाले. "खालचे पंखे रिकाम्या खोल्यांत चालू ठेवावे लागतील. मिक्सरसुद्धा. अर्धा तास."

आईने तिथल्या तिथे, मिक्सर फिरवायला जिन्याने रोज कोण उतरणार याचा तक्ता मागितला. मी तो केला. तुम्हाला हे वेडेपण वाटत असेल, पण आम्हाला एकही पायरी चुकीची वाटत नव्हती. प्रत्येक आकडा मागच्या आकड्याला धरून होता. खोकं मात्र कोणाच्याच तक्त्यात नव्हतं. दुपारी दोनला आम्ही अंडी पोटाशी घ्यायचो आणि चारला परत ठेवायचो. दहाव्या दिवशी आत्याने एक अंडं विजेरीपुढे धरून बाबांना दाखवलं. आत लाल रेघांचं जाळं होतं आणि मध्ये एक ठिपका ठुकठुकत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. त्या दिवसापासून ते स्वेटर घालून दीड वाजताच येऊन बसू लागले. मंजुरी मात्र वीस वॅटच राहिली.

एकविसाव्या दिवशी अंतिम बैठक भरली. अहवाल एकशे दहा पानांचा होता. बाबा उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचायला लागले: "सदर कुटुंबाच्या सर्व गरजांचा साकल्याने विचार करता, एकशे वीस बॅटऱ्यांची..." इथे त्यांच्या डाव्या खिशातून आवाज आला.

बाबा थांबले. पुन्हा आवाज आला, बारीक, पण ठाम.

"हलू नकोस बाळ्या," आत्या म्हणाली.

उपसंचालक हात वर धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. आत्याने खिशात बोट घालून हळूच कवच बाजूला केलं आणि एक ओलं, करडं, रागावलेलं डोकं बाहेर आलं. मग आईच्या शालीतून आवाज आला. मग बायकोच्या पदरातून. माझ्या बनियनमध्ये गुदगुल्या व्हायला लागल्या आणि हसायचं नाही हा नियम मी मोडला. मग सगळ्यांनीच मोडला. वायरमन सही घ्यायला आला होता, आल्याआल्या आत्याने त्याच्या काखेत दिलेल्या अंड्यांतलं एक निघालं आणि तो दारातच खिदळत खाली बसला. साठीच्या पुढची आई मांडीवर पिल्लं मोजताना चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस निघाली. आमच्या घरात इतका आनंद मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो एकही वॅट न वापरता झाला होता. हे मी इतिवृत्तात लिहिलं. बाबांनी ते वाक्य विषयाला सोडून आहे म्हणून खोडलं, पण खोडताना ते डोळे पुसत होते.

तेवढ्यात दारात ट्रक आला. बाबांनी वेळ वाचावा म्हणून मागणीपत्र आधीच पाठवलं होतं, आणि खात्याच्या अनुभवावरून निम्म्याच येतील असं धरलं होतं. एकशे वीसच्या एकशे वीस आल्या. त्या उतरवायला तीन दिवस लागले. आता आम्ही गच्चीवर राहतो आणि खाली बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या असतात.

दुसऱ्या आठवड्यात दुपारी दोन वाजता वीज गेली. पिल्लांनाही पहिला महिनाभर ऊब लागते. आदल्या रात्री वळीव पडून गच्चीवरचा वारा गार झाला होता, ती खोक्यात एकमेकांवर चढून चिवचिवाट करायला लागली. मी बाबांना म्हटलं, "आता तरी बॅटऱ्या चालू करा."

"त्या बिनसूर्याच्या चौदा दिवसांसाठी आहेत," बाबा म्हणाले आणि आकाशाकडे बोट दाखवलं. "आज ऊन आहे."

"पण पिल्लं गारठतायत."

"अंड्यांची मागणी एकविसाव्या दिवशी संपुष्टात आली. पिल्लांनी नवीन प्रपत्र भरावं."

आत्याने पिल्लं पदरात घेतली, एक प्रपत्र मागून घेतलं आणि पॅनेलाच्या कडेला टेकून बसली. बराच वेळ तिने काही लिहिलं नाही. मला वाटलं, चष्मा खाली राहिला असेल. चष्मा डोळ्यांवरच होता. मग तिने भरभर लिहिलं आणि कागद माझ्याकडे न बघता पुढे केला. दिवा एक. ऐंशी वॅट. चार तास.

बाबांनी लाल पेन काढलं आणि चाळीस वॅट, दोन तास मंजूर केले. दुपारी खोक्यातला दिवा लागला, एकशे वीस बॅटऱ्यांवर, आणि पिल्लं शांत झाली. बाबा मला म्हणाले, "बघ, व्यवस्था चालते. ताईने एवढंच आधी केलं असतं तर?" आत्या दिव्याकडे बघत होती. ती त्या दिवसापासून चहात साखर किती विचारलं तरी चार चमचे सांगते आणि दोनवर समाधान मानते. मला तिच्याकडे बघवत नाही. घरात एक माणूस खरा आकडा सांगणारं होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून, हसतखेळत, नियमाने बिघडवलं.

तुम्ही म्हणाल, छे, आमच्याकडे असलं काही चालत नाही, आम्ही लागेल तेवढंच मागतो. असेल. मी ते निम्मं धरून चालतो.